३२,७६७ च्या पुढचे रंग

टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चौकटी, मेनू आणि रंगीत ओळी दिसल्या की त्यामागे बहुतेक वेळा कर्सेस ही जुनी लायब्ररी असते. ती बर्कलीच्या विद्यापीठात केन अरनॉल्ड यांनी लिहिली. आज लिनक्सवर चालते ती तिची मुक्त आवृत्ती, एनकर्सेस. थॉमस डिकी ती वर्षानुवर्षं सांभाळत आले आहेत. पायथॉनचं कर्सेस मॉड्यूल म्हणजे या सी लायब्ररीवरचं पातळ आवरण, त्यामुळे तिच्या मर्यादाही पायथॉनकडे जशाच्या तशा येतात.

कर्सेसमध्ये सुटा रंग वापरता येत नाही. अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग यांची जोडी करायची, तिला क्रमांक द्यायचा आणि पुढे तो क्रमांक वापरायचा. आठ रंग होते तेव्हा ६४ जोड्यांत सगळं भागत होतं. मग एक्सटर्मसारख्या टर्मिनलमध्ये २५६ रंग आले: १६ मूळचे, २४ करड्या छटा आणि उरलेले २१६ लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांतून. नारिंगी हवा असेल तर लाल पाचव्या पायरीवर, हिरवा दुसऱ्या, निळा शून्यावर. १६ + ३६×५ + ६×२, म्हणजे क्रमांक २०८. अशा २५६ रंगांच्या जोड्या होतात ६५,५३६.

इथे गाडी अडली. जोडीचा क्रमांक सी भाषेतल्या 'शॉर्ट'मध्ये, म्हणजे १६ बिटांत ठेवलेला, आणि त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. टर्मिनलची माहिती देणाऱ्या टर्मइन्फोच्या फायलीतही आकड्यांना तेवढीच जागा होती, त्यामुळे टर्मिनलला स्वतःची खरी क्षमता सांगण्याचीही सोय नव्हती.

'शॉर्ट'चा 'इंट' केला की झालं, असं वाटेल. पण तसं केलं असतं तर आधी कंपाइल झालेले असंख्य प्रोग्राम मोडले असते. म्हणून २०१८ च्या एनकर्सेस ६.१ मध्ये जुनी फंक्शन्स तशीच ठेवून शेजारी मोठे आकडे घेणारी नवी दिली गेली, आणि टर्मइन्फोला ३२ बिटांचा आकडा मिळाला. कुणाचंही चालू काम न बिघडवता केलेली ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते.

पायथॉन ३.१० ने २०२१ मध्ये तीच रीत पाळली. जोडी नोंदवणाऱ्या फंक्शनचं नाव बदललं नाही. खालची लायब्ररी नवी असेल तर ते आतून नवं फंक्शन वापरतं. तशी सोय आहे की नाही, हे विचारण्यापुरतं एकच फंक्शन नव्याने आलं.

नोंदणी सुटली, तरी वापर अडकलाच. अक्षर रंगवताना जोडीचा क्रमांक ठळक, अधोरेखित अशा खुणांबरोबर एकाच आकड्यात बांधला जातो आणि तिथे त्याच्या वाट्याला आठच बिट येतात. म्हणून ३.१० च्या माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे की पहिल्या २५६ जोड्याच वापरता येतात. जुना क्रमांक नव्या रंगांना द्यावा, तर पडद्यावर त्या जोडीत आधी लिहिलेला सगळा मजकूरही रंग बदलतो. खरा उपाय म्हणजे क्रमांक खुणांपासून वेगळा पाठवणं, आणि एनकर्सेस ६.१ मध्ये ती वाटही उघडलेली आहे.