बाळसे, मेद आणि शरीरक्षमता

मूल गुटगुटीत दिसू लागले की त्याने ‘बाळसे धरले’ असे मराठीत कौतुकाने म्हटले जाते. ह्या कौतुकात अंगावरचा मेद आणि अंगातील क्षमता ह्या दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या जातात. शरीरशास्त्र मात्र त्यांचा निरनिराळा विचार करते.

स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः शर्करा व मेदाम्ले ह्यांच्या ज्वलनातून मिळते. सौम्य व मध्यम श्रमांत मेदाचा वाटा मोठा असतो; श्रम फार तीव्र झाले की तो घटतो. नियमित व्यायामाने स्नायूंची मेद जाळण्याची शक्ती वाढते. म्हणूनच वजन फारसे न उतरताही स्थूल मुलाची क्षमता सुधारू शकते. केवळ वजनकाट्यावरून त्याची पारख करणे अन्यायाचे होय.

कृश मुलाविषयीही हाच सावधपणा हवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, तेथील ग्रामीण अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांचा मेद त्या मानाने टिकून असतो. उणीव असते ती स्नायूंची.

वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला. तिचा हेतू मेदचिकित्सेचा नव्हता. तथापि शरीरश्रम शाळेच्या नित्यक्रमातच असावेत, हा तिच्यातील विचार ह्या प्रश्नासही लागू पडतो. मुलाचे बाळसे पाहून समाधान मानण्यापेक्षा ते किती वेळ न थकता खेळते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.