ओटा कोणत्या दगडाचा?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ओट्यावर जे काही घडतं, ते वर्षभरात एरवी घडत नाही. चकलीची तापलेली कढई गॅसवरून उतरून थेट दगडावर टेकते. शेजारी रव्याच्या लाडवांसाठी पाकाचं पातेलं असतं. चिवड्याच्या फोडणीची हळद उडते, नारळ बहुतेक घरांत ओट्याच्या कडेवरच फुटतो, आणि संध्याकाळी आमटीसाठी कोळलेली चिंच सांडते ती सकाळपर्यंत तशीच राहते. उष्णता, तेल, रंग, आम्ल आणि आघात हे पाचही एकाच जागेवर. ओटा निवडायचा तो या पाचांना तोंड देणारा. दुकानातले दिवे आणि कंपनीचा पांढराशुभ्र कॅटलॉग यांतलं काहीच दाखवत नाहीत.

उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आपल्याकडे फारसा जुना नाही. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटाही जमिनीवर. वातीच्या आणि पंपाच्या स्टोव्हने शहरातल्या बायकांना उभं केलं. 1950च्या दशकाच्या मध्यावर बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला, तेव्हा ओटा कायमचा झाला. त्यावर पहिल्यांदा बसले ते कडप्पा आणि शहाबादी हे दोन दगड. दोन्ही मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरच्या भागांतले, म्हणून वाहतूक सोपी. पण खरं कारण दगडाच्या घडणीत आहे. हे थरांचे चुनखडक आहेत. खाणीतच त्यांच्या सपाट लाद्या सुटतात. यंत्राने कापण्याची सोय नव्हती त्या काळात याहून मोठी सोय कोणती?

चुनखडकाचा दोष आपल्या जेवणातच आहे. त्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट. ते आम्लात विरघळतं, आणि मोहच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक फक्त 3, म्हणजे सुरीच्या पोलादापेक्षा बराच खाली. लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांपैकी काहीही सांडलं की पॉलिश खाल्लं जातं आणि पांढरट डाग उमटतो. जुन्या घरांत कडप्प्याला तेलाचा हात फिरवून काळा ठेवायची पद्धत होती. त्याने डाग झाकला जातो, भरून निघत नाही. कोटा हाही चुनखडकच, आणि संगमरवराचं रसायन तेच. मकराण्याचा संगमरवर देवघरात जन्मभर टिकेल, पण कोकम सरबत करणाऱ्या घरात त्याला ओट्यावर घालू नये. कडप्पा आजही बिनधास्त वापरावा तो ओट्याखालच्या उभ्या आधारांना आणि कप्प्यांना. तिथे तो स्वस्त आणि मजबूत आहे.

मग आपला स्वतःचा दगड का नाही? महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग दख्खनच्या लाव्ह्याने झाकलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून बनलेला हा काळा बेसाल्ट. आपला पाटा, जातं, किल्ल्यांचे बुरूज, सगळं त्याचंच. पण हा लाव्हा उघड्यावर लवकर निवला. निवताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा गेल्या. वायूच्या बुडबुड्यांची छिद्रंही जागोजाग राहिली. त्यामुळे त्याची चांगली खडी होते, चिरे निघतात, पण आठ-दहा फुटांची अखंड लादी निघण्याजोगा ठोकळा सहसा मिळत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बाजारात ज्याला आपण काळा ग्रॅनाइट म्हणतो, तो भूशास्त्राच्या हिशेबाने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा गॅब्रो जातीचा खडक आहे. ते ठिपके पायरॉक्सिन गटातल्या एका खनिजाचे. कर्नाटकातल्या चामराजनगरचा निखळ काळा दगड डोलेराइट. गॅब्रो आणि डोलेराइट यांची रासायनिक घडण आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टसारखीच असते. फरक एवढाच की ते जमिनीखाली सावकाश निवले, त्यामुळे त्यांचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतले आणि मोठे अखंड ठोकळे मिळाले. आजीच्या पाट्याचेच हे खोलवर वाढलेले भाऊबंद आहेत.

स्वयंपाकघरात याचा थेट फायदा होतो. या दगडांत आम्लाने विरघळणारं कॅल्साइट जवळजवळ नसतं. त्यांची खनिजं साधारण सुरीच्या पोलादाइतकी किंवा त्याहून कठीण. दगड घट्ट आणि जड, म्हणून तेल-पाणी फार कमी शोषतो. कढई खुशाल टेकवावी. फिक्या रंगाच्या काही ग्रॅनाइटमध्ये मात्र कणांच्या फटींतून तेल आणि हळद आत शिरते. ते घ्यायचे तर सीलर लावणं आणि काही वर्षांनी पुन्हा लावणं आलंच.

सध्या सगळ्यांना हवा असतो तो क्वार्ट्झ. त्याची मुळं इटलीत आहेत. 1963मध्ये स्थापन झालेल्या ब्रेटन कंपनीने दगडाचा चुरा रेझिनमध्ये मिसळून, निर्वातात कंपनं देऊन दाबण्याचं तंत्र विकसित केलं. नेहमीच्या लादीत वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा असतो, उरलेलं रेझिन आणि रंग. चुरा कठीण, ओरखडा सहज उमटत नाही, चिंचेने काही होत नाही. पण लादी बांधून ठेवतं ते रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकच. दीडशे अंशांच्या आसपास ते बिघडू लागतं, आणि तळणीचं तेल पावणेदोनशेपर्यंत तापतं. एकदा उमटलेला कढईचा पिवळट गोल निघत नाही. कडक उन्हातही रेझिन पिवळं पडतं. हळद लगेच पुसली तर जाते, रात्रभर राहिली तर पांढऱ्यावर छटा सोडते. ॲक्रिलिकच्या ‘कोरियन’ लादीचंही उष्णतेपुढे असंच होतं. फक्त त्याचे ओरखडे घासून काढता येतात. रोज फोडणी पडणाऱ्या घरात पांढरा क्वार्ट्झ घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते माझ्या दृष्टीने डागांपेक्षा कितीतरी मोठं आहे. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका. लादी कोरडी कापताना तिची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्यांना दिसत नाही, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते आणि तिथे व्रण करून राहते. हा सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमुळे तो आपल्या देशाला जुना माहीत आहे. इस्रायलमध्ये कृत्रिम दगड कापणाऱ्या कामगारांतले रुग्ण 2012मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024पासून अशा लाद्या बनवणं, विकणं, बसवणं यावर बंदी घातली. असा निर्णय घेणारा तो पहिला देश. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, तीही कमी नाही. गॅब्रो-डोलेराइटमध्ये मोकळा क्वार्ट्झ फारच थोडा, म्हणून इथेही काळा दगड उजवा ठरतो. आपल्याकडे सिलिकोसिस कायद्याने अधिसूचित रोग आहे, पण इमारतीच्या जिन्यात कटर चालवणारी दोन पोरं कोणत्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतात?

खरेदीला जाताना नमुन्याच्या तुकड्यावर समाधान मानू नका. गोदामात जाऊन, दिवसाच्या उजेडात, पूर्ण लादी ओली करून पाहा. भेग असेल तर पाणी सुकताना ती रेष उठून दिसते. स्वस्त करडा दगड काळा रंगवूनही विकतात. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवात कापूस भिजवून घासा. कापूस काळा झाला तर लादी सोडून द्या. लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसा, चमक गेली तर त्यात चुना आहे. शेगडी ओट्यात बसवणार असाल तर भोकाच्या पुढची-मागची पट्टी अरुंद ठेवू नका, लादी तिथेच तडकते. पुढची कड हलकी गोल करून घ्या. सिंकच्या बाजूला किंचित उतार हवाच. आणि उंची ठरवताना मिस्त्रीच्या सवयीचं माप घेऊ नका. जे रोज पोळ्या लाटणार आहेत त्यांना उभं करा आणि कोपराच्या खाली वीतभर अंतरावर खूण करा.

शेवटी एक विनंती. कंत्राटदाराशी भाव ठरवतानाच सांगा की लादी पाणी सोडूनच कापायची, शक्यतो गोदामात, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर रुमाल नको, धूळ अडवणारा चांगला मास्क हवा. त्याचे पैसे वेगळे लागले तर द्या. काम सुरू होईल त्या दिवशी स्वतः तिथे थांबा आणि कोरडा कटर सुरू झाला तर बंद करायला लावा.