चित्रकलेचा आरंभ आणि शिक्षकाचा अभिप्राय

चित्रकलेच्या तासाविषयी ग्रामीण शाळांतील शिक्षकांकडून एक अडचण वारंवार ऐकू येते : "मला स्वतःलाच चित्र काढता येत नाही, मग मुलांची चित्रे मी कशी तपासावी?" ही अडचण प्रामाणिक आहे. गणिताचे उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ सांगता येते, शुद्धलेखनातील चुका मोजता येतात. चित्राचे तसे नाही. परिणामी बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर चित्राखाली 'छान' असा शेरा मारून वही परत दिली जाते, किंवा शिक्षक स्वतः पेन्सिल घेऊन मुलाच्या रेषेवर आपली रेषा ओढतो. पहिल्या रीतीने पुढे काय करावे हे मुलाला कळत नाही; दुसरीने चित्र त्याचे राहत नाही. ज्याला चित्र काढता येत नाही असा शिक्षकही नवशिक्याला उपयुक्त अभिप्राय देऊ शकतो, हे दाखविण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

एका शिंगाचा बैल

प्रथम स्वतःचाच एक अनुभव सांगतो. मी चौथीत असताना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आम्हांस बैलाचे चित्र काढावयास सांगितले. मी आमच्या गोठ्यातील बैल काढला. गुरुजींनी वही हाती घेतली, "बैलाला शिंगे किती असतात?" असे विचारले, आणि वर्ग हसत असता माझ्या चित्रातील आखूड शिंग खोडून तेथे दुसऱ्यासारखेच डौलदार शिंग काढून दिले. आमच्या बैलाचे एक शिंग मोडलेले होते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते; परंतु त्यांनी विचारलेही नाही. मी जे पाहिले होते तेच काढले होते, आणि तीच माझी चूक ठरली. त्यानंतर कित्येक वर्षे 'मला चित्र येत नाही' असेच मी सर्वांना सांगत असे. आज शिक्षक या नात्याने त्या प्रसंगाकडे पाहताना वाटते की, गुरुजींना बैल काढता येत होता, पण चित्र तपासता येत नव्हते. या दोन गोष्टी भिन्न आहेत.

जाणणे आणि पाहणे

नवशिक्याची मुख्य अडचण हातात नसून डोळ्यांत असते. आपण वस्तूविषयी जे जाणतो तेच कागदावर उतरवितो. प्रत्यक्ष जे दिसते त्याकडे लक्ष देत नाही. याचा पडताळा वर्गात सहज घेता येतो. टेबलावर पाण्याचा एक पेला ठेवावा व मुलांना तो काढण्यास सांगावे. बहुतेक मुले पेल्याचे तोंड पूर्ण गोल काढतील आणि बूड मात्र सरळ रेषेने दाखवतील. तोंड गोल आहे आणि पेला सपाट टेबलावर उभा आहे, हे दोन्ही त्यांना माहीत असते.

आता तोच पेला हातात धरून हळूहळू वर न्यावा. डोळ्यांच्या खाली असताना त्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते. पेला जसजसा वर जातो तसतसे ते लंबवर्तुळ चपटे होते, आणि पेल्याची कड डोळ्यांच्या पातळीत आली की तिची केवळ एक आडवी रेषा उरते. पेला बदलला नाही. पाहण्याची जागा बदलली. हा प्रयोग एकदा पाहिलेले मूल पुढे आपल्या चित्रातील चूक आपणच शोधू लागते.

रुळांचा धडा

आपल्या भागात या धड्यासाठी भुसावळ स्थानकासारखी दुसरी जागा नाही. येथून एक मार्ग नागपूरकडे व एक खंडव्यावरून इटारसीकडे जातो. त्यामुळे रुळांचे जाळे येथे दूरवर पसरलेले आहे. रुळांच्या जवळ मुलांना कदापि नेऊ नये. पादचारी पुलावरून ते उत्तम दिसतात. एकदा पाचवीच्या मुलांसह मी तेथे उभा होतो. दोन रूळ दूर जाता जाता एकमेकांस मिळाल्यासारखे दिसतात, हे मी दाखविले. तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, रूळ एकत्र आले तर गाडी घसरेल ना!" वर्ग हसला, पण त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. मी त्याला म्हटले, "गाडीसाठी तू म्हणतोस तेच खरे. पण आपण चित्र गाडीसाठी काढतो की डोळ्यांसाठी?" त्याने पुन्हा एकवार रुळांकडे पाहिले व निमूटपणे कागदावर दोन रेषा जवळ आणल्या. केळीच्या बागेतील सरळ ओळींतही हाच नियम दिसतो. तेव्हा स्थानकापर्यंत जाणे शक्य नसेल तर गावाबाहेरचे शेत पुरेसे आहे.

वय पाहून बोलावे

तथापि हा नियम पहिली-दुसरीच्या मुलांना लावू नये. त्या वयाची मुले आगगाडीच्या डब्यांतील माणसे पत्र्यातून आरपार दिसतील अशी काढतात, आणि आईला घराहूनही उंच करतात. ही चूक नव्हे. त्यांच्या दृष्टीने जे महत्त्वाचे ते मोठे, आणि जे आत आहे ते दाखविलेच पाहिजे. बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयपरत्वे टप्पे सांगितले आहेत. त्यांनुसार साधारण नवव्या वर्षानंतर मुलाला आपले चित्र 'खऱ्यासारखे' व्हावे असे वाटू लागते. 'मला येत नाही' हे वाक्यही बहुधा याच वयात उमटते. म्हणून लहानग्यांच्या चित्राविषयी "यात काय चालले आहे ते सांग" एवढेच म्हणावे. वस्तूशी तुलना करण्याचा अभिप्राय चौथीपासून पुढे द्यावा.

अभिप्रायाची रीत

अभिप्राय देताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

1. आधी विचारावे. "तू कोठे बसून पाहिलेस? यात तुला काय दाखवायचे होते?" मोडक्या शिंगाचा उलगडा या एका प्रश्नाने झाला असता.

2. जे साधले आहे ते नेमके सांगावे. 'छान' या शब्दाऐवजी "पेल्याची सावली उजवीकडे पडली आहे, ती तू बरोबर हेरलीस" असे म्हणावे. मुलाला आपले बळ कशात आहे ते कळते.

3. एकच उणीव दाखवावी, आणि तीही वस्तूकडे बोट करून. "तुझा पेला चुकला" असे न म्हणता "पेल्याची उंची त्याच्या रुंदीच्या किती पट आहे, मोजून पाहा" असे सांगावे. हात सरळ लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिल उभी धरावी व अंगठ्याने वस्तूची उंची पेन्सिलीवर धरावी. मग पेन्सिल आडवी करून रुंदीशी ताडून पाहावी. तिरप्या वस्तूसाठी गवंड्याप्रमाणे दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करावा. वस्तूचा आकार साधत नसेल तर तिच्या भोवतीची रिकामी जागा पाहण्यास सांगावे. कपाचा कान काढणे कठीण वाटते, पण कानातून दिसणाऱ्या पोकळीचा आकार मुले सहज काढतात.

4. मुलाच्या कागदावर आपली रेषा ओढू नये. काही दाखविणे आवश्यकच असेल तर ते फळ्यावर किंवा वेगळ्या कागदावर दाखवावे.

मुलांची चित्रे भिंतीशी मांडून त्यांनीच एकमेकांस अभिप्राय द्यावा, हेही इष्ट आहे. मात्र प्रत्येकाने 'मला या चित्रात काय दिसले' एवढेच सांगावे. 'चांगले-वाईट' हे शब्द त्या वेळी वर्ज्य समजावेत.

थोरांचाही शेरा चुकतो

फैजपूर येथे डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. तेथील नगराच्या सजावटीसाठी महात्मा गांधींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलाविले, आणि नंदलालबाबूंनी बांबूसारख्या खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातूनच ती शोभा उभी केली. त्यांच्या शिष्यदशेतील एक आठवण कलाक्षेत्रात सर्वश्रुत आहे. तपश्चर्या करणाऱ्या उमेचे चित्र त्यांनी आपले गुरू अवनींद्रनाथ ठाकूर यांना दाखविले. 'यात रंग फार थोडा आहे, उमेला थोडे सजव,' असे गुरूंनी सुचविले. नंदलाल गेले, पण अवनींद्रनाथांना रात्रभर झोप लागली नाही. तपस्विनीला साज कशाला? शिष्याने जे पाहिले ते आपणच पाहिले नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. भल्या सकाळी ते शिष्याकडे धावत गेले. नंदलाल रंग लावण्याच्या बेतात होते. गुरूंनी त्यांना थांबविले आणि चित्र वाचले.

आपला शेरा चुकला असे वाटल्यास दुसऱ्या दिवशी मुलाला तसे सांगण्यात शिक्षकाला कमीपणा नाही, हा या आठवणीचा बोध आहे.

साधने व वही

चित्रकलेसाठी महाग साहित्य लागते हा समज चुकीचा आहे. पाटी-खडू, गेरू, चुना, चुलीतील कोळसा आणि पाठकोरे कागद यांवर वर्षाचे काम भागते. नंदलालबाबू पोस्टकार्डांवरही रेखाटने करीत. तेवढ्या आकाराचे कागद कापून प्रत्येक मुलाला द्यावेत. रोज दहा मिनिटे, एक वस्तू, एक कागद, असा परिपाठ ठेवावा. आरंभी खोडरबर देऊ नये. पहिली रेषा फिकी काढावी व तिच्या शेजारी सुधारलेली रेषा ओढावी. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनीही आधी गेरूच्या रंगाने आराखडा काढला, नंतर रंग भरले व शेवटी आकृतीची रेषा पक्की केली. पहिली रेषा अखेरची नसते, हे त्यांनाही ठाऊक होते.

प्रत्येक कागदावर तारीख घालून सर्व कागद जपून ठेवावेत. सहा महिन्यांनी पहिला व शेवटचा पेला शेजारी ठेवला म्हणजे जो अभिप्राय मिळतो, तो कोणत्याही शेऱ्याहून अधिक बोलका असतो. माध्यमिक शाळेत गेल्यावर जी मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतील, त्यांचा पायाही येथेच घातला जाईल.

शेवटी एक विनंती. मुले पेला काढीत असता शिक्षकबंधूंनी व भगिनींनीही एक कागद घेऊन त्यांच्यामध्ये बसावे, आपले वाकडे-तिकडे चित्र भिंतीशी मांडावे आणि मुलांचा अभिप्राय ऐकावा. तो कसा द्यावा, हे मुले त्यातूनच शिकतील. आणि तो ऐकताना काय वाटते, हे आपणही शिकू.