घाटात टेम्पो, कानाला फोन

31 मे 2014 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडोत सेस्ना 150 हे दोन आसनी विमान अंधारात कोसळून दोघे ठार झाले. यंत्रात दोष आढळला नाही. आधीच्या फेऱ्यांच्या चित्रणात वैमानिक मोबाईलवर स्वतःचे फोटो काढताना दिसला. याही वेळी लक्ष मोबाईलमध्येच असावे, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तेथे 1981 पासून प्रवासी विमानांत 10 हजार फुटांखाली अनावश्यक बोलण्यास बंदी आहे. खासगी लहान विमानांना मात्र नाही.

आपल्याकडे तर गाडी चालवताना फोन हातात धरून बोलण्यास कायद्यानेच बंदी आहे, तरी टेम्पोत तेच चालते. नाशिकहून जव्हार-मोखाड्याचा माल तोरंगण घाटाने येतो, आणि नेमका तेव्हा चालकाला फोन येतो. कोणाचा? बहुधा दुकानदाराचाच! "माल कुठवर आला?" आमचे म्हणणे, घाट उतरेपर्यंत व्यापारी बांधवांनी फोन करू नये, मोखाड्यात गाडी उभी करून चालकानेच कळवावे.