गोरिला आणि रानपिंगळा

शहाद्याचे नाव ऊस, केळी आणि पपई यांच्यामुळे सर्वांना परिचित आहे. परंतु जगाच्या पक्षिशास्त्रात ते कोरले गेले ते 25 नोव्हेंबर 1997 रोजी. त्या दिवशी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. 1884 मध्ये खानदेशातच जेम्स डेव्हिडसन याने त्याचे नमुने गोळा केले होते. त्यानंतर एकशे तेरा वर्षे हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडल्याची विश्वसनीय नोंद नव्हती. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून 1914 सालचा, गुजरातेतील मांडवीचा म्हणून खपविला आणि शोधकांची दिशाभूल केली.

या चिमुकल्या शिकारी पक्ष्याची तुलना आफ्रिकेतील पर्वतीय गोरिलाशी करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. एक महाकाय शाकाहारी, दुसरा मुठीएवढा, सरडे-उंदरांवर जगणारा. तथापि 2018 साली दोघांचेही नाव जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आले. संख्येचा हिशेबही फार निराळा नाही. गोरिले हजारांवर गेले. प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आत असावेत, असा अंदाज आहे.

मात्र साम्य येथेच संपते. गोरिलासाठी डायन फॉसी यांनी 1985 मध्ये प्राण वेचले. त्याच्यासाठी पशुवैद्य डोंगर चढतात, आणि रवांडात त्याच्या तासाभराच्या दर्शनासाठी पर्यटक दीड हजार डॉलर मोजतो. आमच्या पिंगळ्याच्या वाट्याला काय येते? घुबडाचा जातभाई म्हणून अपशकुनाचा शिक्का!

याचे कारण उघड आहे. गोरिलाच्या डोळ्यांत माणसाला आपला चेहरा दिसतो. पण आपल्यासारखा दिसतो तोच जगावा, हा न्याय नव्हे. तो आत्मप्रेमाचाच एक प्रकार होय. सृष्टीच्या व्यवहारात पिंगळ्याचे स्थान गोरिलाहून तिळमात्र उणे नाही.

गोरिलाच्या कथेतून घेण्यासारखा धडा वेगळाच आहे. तेथे पहारा वाढला, त्याचबरोबर पर्यटनाच्या उत्पन्नाचा काही भाग भोवतालच्या गावांना मिळू लागला. रानपिंगळ्याकडे पर्यटकांच्या रांगा लागणार नाहीत, आणि लागूही नयेत. त्याची गरज अल्प आहे: घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडे आणि शिकारीसाठी विरळ पानझडी रान. पण नेमकी जुनी झाडेच कुऱ्हाडीला आधी बळी पडतात.

ही झाडे राखण्याचे काम केवळ वनरक्षकाच्या शिट्टीने होणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल आणि वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा गावांना त्या अधिकाराबरोबर साधने आणि मोबदलाही मिळाला, तर पिंगळ्याला त्याहून चांगले राखणदार कोठे मिळणार?

एकदा हरवलेला हा पक्षी दैवाने आपल्याला परत दिला. दुसऱ्यांदा हरवला, तर दोष दैवाला देता येणार नाही.