सहाय्यक प्रशिक्षक: बाकावरचा दुसरा माणूस

नियमातील जागा

व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संघाच्या बाकावर एक प्रशिक्षक आणि फार तर दोन सहाय्यक प्रशिक्षक बसू शकतात. चालू सामन्यात सहाय्यकाला हस्तक्षेपाचा अधिकार नाही. मुख्य प्रशिक्षकाला शिक्षा म्हणून किंवा अन्य कारणाने संघ सोडावा लागला आणि कर्णधाराने पंचांना तसे कळवले, तरच ती कामे सहाय्यकाकडे येतात, तीही गैरहजेरीपुरती. जबाबदारी रोजची आणि अधिकार उसना, असे हे पद आहे. दादर-परळच्या मैदानांवर कबड्डी, खो-खो किंवा क्रिकेट शिकवणाऱ्या सहाय्यकाची स्थिती याहून वेगळी नाही. ती कुठे लिहून ठेवलेली नाही इतकेच.

सरावातील काम

सामना हा या कामाचा सर्वांत लहान भाग. बचावाच्या सरावात सहाय्यक जाळ्याच्या पलीकडे टेबलावर उभा राहतो. शेजारी चेंडूंनी भरलेली पिशवी असते आणि एक मुलगा त्यातून चेंडू हातात देत राहतो. दर दोन-तीन सेकंदांनी एक चेंडू मागच्या कोपऱ्यात ठोकला जातो. मुख्य प्रशिक्षक त्या वेळी बाजूला उभा राहून खेळाडूंचे पाय पाहतो. चेंडू कुठे पडावा, किती जोरात यावा, दमलेल्या मुलीला पुढचा चेंडू सोपा द्यायचा की अवघड, हे टेबलावरचा माणूस ठरवतो. मुख्य प्रशिक्षकाची पद्धत खेळाडूपर्यंत पोहोचते ती याच्या खांद्यातून.

प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास हेही त्याचेच काम. युरोप-अमेरिकेत त्यासाठी संगणकप्रणाली आहेत, आपल्याकडे बहुधा वही. जाळे बांधणे, हजेरी घेणे, स्पर्धेचे अर्ज आणि ओळखपत्रे वेळेत पोहोचवणे ही कामे त्यात धरायचीच. एखादा मुलगा परीक्षेच्या नावाखाली महिनाभर फिरकला नाही, तर त्याच्या चाळीचे तीन जिने चढून आईवडिलांशी बोलणाराही हाच.

आझाद मैदान, फेब्रुवारी १९८८

या पदाच्या मर्यादा दाखवणारा प्रसंग मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये घडला. हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरची गाठ सेंट झेवियर्सशी होती. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, धावसंख्या २ बाद ७४८. धावा सर्वांना पाठ आहेत. त्या वेळी सीमारेषेवर काय चालले होते, ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

मुख्य प्रशिक्षक रमाकांत आचरेकर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करण्याचा त्यांचा निरोप होता आणि तो अमलात आणण्याची जबाबदारी सहाय्यक लक्ष्मण चव्हाण यांच्यावर होती. चव्हाण कडेने हाका मारत राहिले, हातवारे करत राहिले. दोन्ही मुलांनी त्या दिशेला पाहायचेच नाही असे ठरवले. अखेर उपाहाराच्या वेळी फोनवर आचरेकरांचा आवाज आला आणि डाव घोषित झाला. साडेतीनशेसाठी कांबळीला एकच धाव हवी होती, ती मिळाली नाही. चव्हाणांच्या तोंडून गेलेली आज्ञा आचरेकरांचीच होती, पण उसन्या अधिकाराची दखल न घेणे चौदा-सोळा वर्षांच्या मुलांना सहज जमते. डाव संपला तो मूळ आवाज आल्यावरच.

या सामन्यातून निघालेल्या वाटाही पाहण्यासारख्या आहेत. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून ताटकळत बसलेला अमोल मुझुमदार पुढे प्रशिक्षक झाला. दक्षिण आफ्रिकेच्या २०१९ च्या भारत दौऱ्यात तो त्यांचा हंगामी फलंदाजी प्रशिक्षक होता, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सबरोबर त्याने काम केले, मग मुंबईचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि २०२३ मध्ये भारतीय महिला संघाची सूत्रे घेतली. २०२५ चा विश्वचषक त्याच संघाने जिंकला. झेवियर्सकडून गोलंदाजी करून धावा मोजणारा साईराज बहुतुले बंगाल आणि गुजरातच्या संघांचा प्रशिक्षक झाला. २०२४ च्या श्रीलंका दौऱ्यात तो भारताचा हंगामी गोलंदाजी प्रशिक्षक होता. दोघांच्याही वाटेत दुय्यम पदे आली, आणि दोघांनाही वरच्या जागांसाठी शहर सोडून फिरावे लागले.

पदापर्यंत येण्याच्या वाटा

मंडळात सहाय्यक नेमला जात नाही, तो होत जातो. गुडघा दुखावलेला किंवा तिशी ओलांडलेला खेळाडू संध्याकाळी मैदानावर येणे सोडत नाही. आधी लहान गटाला पळायला लावतो, मग शिट्टी हातात येते आणि काही वर्षांनी मुले त्याला ‘सर’ म्हणू लागतात. दादरचे अमर हिंद मंडळ किंवा विजय क्लब, परळचा डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब अशा संस्थांची दुसरी फळी बहुतांशी याच रीतीने उभी राहिली.

दुसरी वाट प्रमाणपत्राची. पतियाळा येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि ‘एनआयएस केलेला’ हे विशेषण मैदानावर रूढ झाले. वडाळ्याचे बीपीसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय शिक्षकी पेशाकडे नेते. बी.पी.एड. झालेला माणूस शाळेत लागला की त्याला वेतनश्रेणी मिळते. मंडळातली शिट्टी मात्र विनामूल्यच राहते. दोन्ही वाटा एकाच माणसात एकत्र येतात तेव्हा शाळेची मुले मंडळाकडे वळतात आणि मंडळाची मुले महाविद्यालयाकडे. मुंबईतील क्रीडागुणांची साखळी प्रत्यक्षात अशा दुहेरी माणसांवर टिकून आहे, संघटनांच्या आराखड्यांवर नाही.

महाविद्यालयातील रचना

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत खेळाचा कारभार जिमखान्याकडे आणि जिमखाना क्रीडा संचालकाकडे असतो. परळचे महर्षी दयानंद महाविद्यालय, दादरचे कीर्ती, गिरगाव चौपाटीवरचे विल्सन, सगळीकडे सांगाडा हाच. संचालक एक, खेळ पंधरा-वीस. त्यामुळे प्रत्येक खेळाला बाहेरचा माणूस हंगामापुरता मानधनावर बोलावला जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपली की त्याचे काम संपते. पुढच्या वर्षी तोच येईल याची लेखी खात्री कोणी देत नाही, तरी बहुधा तोच येतो. व्हॉलीबॉलमध्ये मुख्य आणि सहाय्यक हा भेदही सहसा नावापुरता उरतो. शिकवणाऱ्याचा एखादा माजी विद्यार्थी चेंडू उडवायला उभा असतो, तोच सहाय्यक.

निष्ठेचा आर्थिक पाया

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात एकाच मंडळाला तीस-तीस वर्षे देणारी माणसे सापडतात. त्याचे स्पष्टीकरण ध्येयवाद किंवा गुरुभक्ती असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ही निष्ठा दोन व्यावहारिक खांबांवर उभी होती: दुसरीकडून येणारा पगार आणि मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे घर.

पहिला खांब गिरण्यांनी दिला. गिरण्यांचे कबड्डी संघ असत, चांगल्या खेळाडूला कामावर घेतले जाई आणि पाळी सुटली की संध्याकाळ मोकळी. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने या खेळाला स्पर्धा आणि छप्पर दिले. एल्फिन्स्टनजवळचे कामगार क्रीडा भवन ही त्याची ठळक खूण. गिरण्यांबरोबरच बँका, रेल्वे, विमानकंपन्या आणि सरकारी खाती होती. आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे सीमाशुल्क खात्यात होते. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मुख्य माणसांचीच ही रीत, तर सहाय्यकांचे वेगळे काय असणार? दास शिवलकरांसारखे सहकारी आचरेकरांच्या सोबत वर्षानुवर्षे राहिले. या व्यवस्थेत सहाय्यकाला वर चढण्याची घाई नव्हती, कारण वरच्या पायरीवरही पगार नव्हता. पदोन्नती कार्यालयात होत असे, मैदानावर फक्त मान वाढे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पहिला खांब खचू लागला. पुढे बँका आणि सार्वजनिक उपक्रमांनी खेळाडूंची भरती आवरती घेतली. राज्य सरकारने खेळाडूंसाठी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण ठेवले, पण त्या नोकरीची नेमणूक गडचिरोलीतही होऊ शकते.

दुसरा खांब अधिक गुपचूप हलला. चाळी पुनर्विकासात गेल्या, कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. लालबागच्या खोलीतून सकाळी सहाला मैदानावर पोहोचणे म्हणजे दहा मिनिटांची चाल; बदलापूरहून तेच करायचे तर पहाटेची लोकल. निष्ठा मनात तशीच राहते, वेळापत्रकात बसत नाही. असे अनेक जण आता रविवारी येतात. रविवारी येणारा माणूस मार्गदर्शक असतो. सहाय्यक प्रशिक्षक रोज लागतो.

अमेरिकेतील शिडी

अमेरिकी महाविद्यालयीन व्हॉलीबॉलमध्ये सहाय्यक हा पगारी व्यावसायिक आहे आणि संस्था बदलणे हा त्याच्या बढतीचा मान्य मार्ग आहे. जॉन कुक नेब्रास्का विद्यापीठात टेरी पेटिट यांचे सहाय्यक होते. ते विस्कॉन्सिनला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले, १९९९ मध्ये नेब्रास्काला पुन्हा दुय्यम पदावर परतले आणि २००० मध्ये पेटिट यांच्या जागी आले. त्यांचीच खेळाडू आणि नंतर सहाय्यक असलेल्या डॅनी बुसबूम केली लुईव्हिलच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. तिकडे पेन स्टेटमध्ये रस रोझ २०२१ च्या हंगामानंतर निवृत्त झाले आणि त्यांच्या माजी खेळाडू व सहाय्यक केटी शूमाकर-कॉली यांना ती जागा मिळाली.

डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात या दोघी समोरासमोर आल्या. पेन स्टेटने ३-१ असा विजय मिळवला आणि शूमाकर-कॉली ही स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या. पुढच्या महिन्यात कुक निवृत्त झाले, बुसबूम केली नेब्रास्काला परतल्या आणि लुईव्हिलची जागा त्यांचे तिथले सहकारी डॅन मेस्के यांनी घेतली. संस्था सोडून जाणे तिथे फितुरी मानले जात नाही. उलट बाहेर स्वतंत्रपणे संघ चालवून आलेल्या माणसाला मातृसंस्था परत बोलावते. लालबागच्या मंडळातून शेजारच्या मंडळात गेलेल्या सहाय्यकाला दहीहंडीपर्यंत तरी कोणी नीट बोलत नाही, हा फरक केवळ स्वभावाचा नाही. तिथे निष्ठा पद्धतीशी आणि माणसांच्या वंशावळीशी असते; इथे ती जागेशी असते, आणि जागा एकच असते.

बिनपगारी सहाय्यक तिथेही होते. ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ हा त्यांच्या नियमातला वर्ग १ जुलै २०२३ पासून रद्द झाला आणि त्या जागा पगारी पदांत आणण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली.

लीग आल्यानंतर

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि कबड्डीतील सहाय्यकाला प्रथमच करारपत्र दिसले. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो आणि प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाल्या. व्हॉलीबॉलमध्ये मुंबईचा संघ पुढच्या हंगामात उतरला. क्रिकेटमध्ये हे आधीच घडले होते. ओंकार साळवी मार्च २०२४ मध्ये रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईचे मुख्य प्रशिक्षक होते; त्याच वर्षी आयपीएल जिंकणाऱ्या कोलकात्याचे ते सहाय्यक गोलंदाजी प्रशिक्षक होते आणि वर्षअखेरीस त्यांची नेमणूक बंगळूरूकडे झाली. अभिषेक नायर कोलकात्याचे सहाय्यक, मग भारतीय संघाचे सहाय्यक आणि २०२५ मध्ये पुन्हा कोलकात्याकडे, असा प्रवास झाला. यात कोणाचीही निष्ठा तपासली गेली नाही, मुदत तपासली गेली.

लीगची मर्यादा तिच्या कालावधीत आहे. हंगाम काही आठवड्यांचा, जागा मोजक्या आणि खेळाडू आयते घडलेले. दहा वर्षांच्या मुलाला पहिली पकड किंवा पहिली सर्व्हिस शिकवणाऱ्यासाठी त्या करारात रकाना नाही.

श्रेयाचा प्रश्न

खेळाडू मोठा झाला की त्याला कोणी घडवले हा वाद हटकून निघतो. पुरस्काराच्या अर्जावर एका मार्गदर्शकाचे नाव ठळक लागते आणि सहाय्यकाचे काम मुलाखतीतल्या एका वाक्यात मावते. हे सहन करणे हीच त्या पदाची परीक्षा मानणारी जुनी पिढी आहे. ती समजूत मोठी असली, तरी नव्या माणसाला घरभाडे भरायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकाची पात्रता आणि वेतनश्रेणी तपशिलाने दिलेली आहे. सहाय्यक प्रशिक्षक नावाचे पद त्यात नाही.