पखवाजाचा खर्ज आणि ध्वनिग्राहकाची निवड

ध्वनिवर्धनाच्या व्यवहारात ‘खर्जाच्या वाद्याला खर्जाचा मायक्रोफोन’ असे एक सुटसुटीत सूत्र रूढ झाले आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील पायाने वाजविल्या जाणाऱ्या मोठ्या ढोलासाठी, म्हणजेच किक ड्रमसाठी, घडविलेले ध्वनिग्राहक आता सहज उपलब्ध होतात आणि पखवाज, संबळ, ढोल अशा वाद्यांपुढे ते निःशंकपणे मांडले जातात. वाद्य खोल आवाजाचे, तेव्हा यंत्रही खोल आवाजाचे, हा तर्क प्रथमदर्शनी निर्दोष भासतो. वस्तुतः तो अपुरा आहे, आणि पखवाजाच्या बाबतीत तर तो वाद्याच्या मूळ गुणधर्मावरच घाला घालतो, हे प्रस्तुत विवेचनात दाखवावयाचे आहे.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील कीर्तनाचा मंडप घेणे सोयीचे होईल. शेगाव येथे श्रीगजाननमहाराजांनी १९१० साली ऋषिपंचमीस समाधी घेतली. माघ वद्य सप्तमीच्या प्रकटदिनास तेथे ठिकठिकाणच्या भजनी दिंड्या येतात, आणि आषाढी वारीसाठी संस्थानची पालखी टाळमृदंगाच्या गजरात पायी पंढरपुरास जाते. जिल्ह्याच्या गावोगावीही हरिनाम सप्ताहांत कीर्तने होतात. वारकरी ज्याला ‘मृदंग’ म्हणतात ते वाद्य म्हणजे पखवाजच होय. कीर्तनकार पुढे, टाळकरी मागे व बाजूस, आणि मृदंगवादक एका अंगास, अशी ही मांडणी सर्वपरिचित आहे. मंडपाच्या कडेला बसलेल्या श्रोत्यास मृदंग प्रत्यक्ष ऐकू येत नाही. कर्ण्यातून जे येईल तोच त्याच्या लेखी मृदंग. म्हणून ध्वनिग्राहकाची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

वाद्याचा स्वभाव

प्रथम वाद्याचा विचार करू. सर्वत्र सारख्या जाडीचे, ताणलेले वर्तुळाकार पटल अनेक प्रकारे कंप पावते. परंतु त्या प्रकारांच्या कंप्रता १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा विषम प्रमाणात असतात. मूळ कंप्रतेच्या पूर्ण पटीत नसलेल्या अधिस्वरांमुळे कानास निश्चित स्वर लाभत नाही. केवळ आघाताचा आवाज ऐकू येतो. भारतीय अवनद्ध वाद्यांनी ही अडचण शाईच्या योगाने दूर केली. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात, आणि पुढे १९३४ साली सविस्तर निबंधात, हे दाखवून दिले की, मध्यभागी शाईचा भार दिलेल्या पुडीचे नऊ कंपनप्रकार एकत्र येऊन पाच संवादी स्वरांची श्रेणी तयार होते, आणि या स्वरांच्या कंप्रता १ : २ : ३ : ४ : ५ या प्रमाणाच्या अगदी निकट असतात. बी. एस. रामकृष्ण व मनमोहन सोंधी यांनी १९५४ साली शाईयुक्त पुडीस संयुक्त पटल मानून याच घटनेचे गणिती विवेचन केले.

पखवाजाच्या उजव्या पुडीस हा नियम लागू पडतो, आणि म्हणूनच गट्टे ठोकून ती गायकाच्या षड्जाशी मिळविता येते. डावी पुडी मोठी असून तिच्यावर शाईऐवजी वादनापूर्वी भिजविलेली कणीक थापतात. कणकेच्या भाराने पुडीची कंप्रता उतरते व तिला घुमारा येतो. कणीक किती घट्ट मळावी आणि किती लावावी हे वादक कानाने ठरवितो. वादन चालू असता ती सुकू लागली की पाण्याचा हात लावून सारखी करतो. तात्पर्य, पखवाज हे एकच खर्जाचे वाद्य नसून, एका बाजूस स्वर व दुसऱ्या बाजूस घुमारा असलेले जोडवाद्य आहे.

किक ड्रमचा ध्वनिग्राहक

किक ड्रमची गोष्ट निराळी. सुमारे ५५ से.मी. व्यासाच्या पडद्यावर नमद्याने मढविलेली मोगरी आपटते. आत उशी किंवा घोंगडी घालून पडद्याचा नाद मुद्दाम दाबला जातो. ऐकणाऱ्यास दोन गोष्टी हव्या असतात : ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातील धक्का आणि ३,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपासचा मोगरीचा टणत्कार. मधल्या पट्ट्यातील आवाज पोकळ डब्यासारखा वाटतो म्हणून तो नकोसा असतो. या वाद्यासाठी वापरले जाणारे ध्वनिग्राहक याच रुचीस अनुसरून घडत गेले. एकेजी या ऑस्ट्रियन संस्थेचा १९५३ मधील ‘डी १२’ हा पुढे या कामी रूढ झाला. त्याच परंपरेत १९८० नंतरच्या दशकात ‘डी ११२’ आला. शुअर संस्थेचा ‘बीटा ५२’ हाही याच वर्गातील. अशा ध्वनिग्राहकांच्या प्रतिसादाचा आलेख सपाट नसतो. तो खालच्या टोकास उंचावतो, मध्ये, साधारणतः ३०० ते ६०० हर्ट्झच्या भागात, खचतो आणि वर पुन्हा चढतो.

आता एक उदाहरण घेऊ. पखवाजाची उजवी पुडी १४० हर्ट्झच्या स्वरास मिळविली आहे असे समजा. तिचे संवादी अधिस्वर २८०, ४२०, ५६० व ७०० हर्ट्झवर येतील. म्हणजे ज्या अधिस्वरांच्या योगे पुडीला स्वरत्व लाभते, त्यांतील बहुतेक नेमके त्या आलेखाच्या खळग्यात पडतात. यंत्र बिघडलेले नसते. ते ज्या कामासाठी केले तेच करीत असते. परंतु किक ड्रममधील नकोसा भाग आणि पखवाजातील सर्वस्व यांची जागा एकच आहे. परिणामी कर्ण्यातून ‘धम्’ असा आघात मोठा येतो, आणि षड्ज हरवतो.

सान्निध्याचा परिणाम

निवडीचा दुसरा घटक म्हणजे ध्वनिग्राहकाचे तत्त्व. ध्वनिग्राहकाचा पातळ पडदा मागून बंद असेल तर तो केवळ हवेच्या दाबास प्रतिसाद देतो. असा ग्राहक सर्व दिशांचे सारखे ऐकतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंस ध्वनी पोहोचू दिला तर तो दाबातील फरकास प्रतिसाद देतो आणि दिशा ओळखू लागतो. हृदयाकृती ग्राहक या दोहोंचा समन्वय असून तो समोरचे पूर्ण, बाजूचे निम्मे आणि पाठीमागचे अत्यल्प ग्रहण करतो. मंडपात मागे टाळ वाजत असता हाच प्रकार उपयोगी ठरतो, हे उघड आहे.

परंतु दिशाज्ञानाची किंमत मोजावी लागते. उगम जवळ असता ध्वनितरंग गोलाकार असतात, आणि दीर्घ तरंगलांबीच्या ध्वनीत दाबातील फरक दाबाच्या मानाने फार वाढतो. त्यामुळे दिशात्मक ग्राहक जवळ नेला की खर्ज फुगतो. यास सान्निध्य-परिणाम म्हणतात. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास ३५० मीटर धरून व उगम बिंदुवत् मानून गणित केल्यास, आदर्श हृदयाकृती ग्राहकात १०० हर्ट्झचा ध्वनी ६० से.मी. अंतरावर सुमारे १ डेसिबेल, १५ से.मी. अंतरावर सुमारे ६.५ डेसिबेल, आणि ५ से.मी. अंतरावर तब्बल १५ डेसिबेल वाढतो. पखवाजाची पुडी बिंदुवत् नसल्याने अगदी जवळच्या अंतरावरील प्रत्यक्ष वाढ याहून कमी राहील. तथापि कल तोच राहतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : सामान्य हृदयाकृती ग्राहक जवळ ठेवला असता खर्ज आपोआप वाढतो, मग मुळातच खर्ज वाढवून देणारे यंत्र आणून त्यात आणखी भर कशासाठी घालावी? उलट, इलेक्ट्रो-व्हॉइस संस्थेच्या १९६८ मधील ‘आरई २०’ या ग्राहकाच्या अंगावर ओळीने झरोके ठेवून सान्निध्य-परिणाम कमी केलेला आहे, आणि सेनहायझर संस्थेच्या १९६० मधील ‘एमडी ४२१’ यास खर्ज कमीअधिक करण्याची कळ आहे. या दोन्ही उपायांत खर्जावर ताबा ठेवण्याची दृष्टी दिसते.

टाळांचा प्रश्न

मग ग्राहक दूरच का ठेवू नये? येथे टाळ आडवे येतात. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबेलांनी घटते. सर्वांत जवळचा टाळ ग्राहकापासून १५० से.मी. दूर आहे असे मानल्यास, पुडीपासून १५ से.मी. वर ठेवलेल्या ग्राहकात पुडीस अंतराचा लाभ २० डेसिबेलांचा मिळतो. तोच ग्राहक ६० से.मी. वर नेल्यास लाभ ८ डेसिबेलांवर येतो. दहा टाळ एकदम वाजू लागले की त्यांची पातळी एका टाळापेक्षा १० डेसिबेलांनी चढते, आणि तो लाभ पुरता संपतो. म्हणून सान्निध्य-परिणाम व टाळांचा शिरकाव यांत मध्यम मार्ग काढावा लागतो. पुडीपासून १५ ते २० से.मी. अंतर, ग्राहकाचा रोख पुडीच्या मध्यावर नव्हे तर कडेकडे तिरपा, आणि त्याची पाठ शक्यतो टाळकऱ्यांकडे, ही मांडणी दोन्ही दोष आवरते.

दोन पुड्यांसाठी दोन ग्राहक ठेवल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका पुडीचा ध्वनी दुसऱ्या ग्राहकापर्यंत थोडा उशिरा पोहोचतो. हे वाढीव अंतर ६० से.मी. असेल तर सुमारे २९० हर्ट्झचे तरंग परस्परविरोधी कलेत भेटून एकमेकांस क्षीण करतात. शिवाय एक पुडी आत दबताना आतील हवा दुसरीस बाहेर ढकलते. त्यामुळे खर्जाच्या भागात दोन ग्राहकांचे संकेत उलट असू शकतात. एका ग्राहकाची ध्रुवता उलटवून दोन्ही प्रकारे ऐकावे, आणि ज्या स्थितीत घुमारा भरीव येतो ती कायम करावी.

दाब, प्रकार आणि कर्णा

ग्राहकाने आघाताचा दाब सोसला पाहिजे, ही अट रास्तच आहे. या दृष्टीने चल-वेटोळ्याचा ग्राहक विश्वसनीय. त्यास बाह्य वीज लागत नाही, आणि धूळ व दमट हवाही तो सोसतो. फितीचा ग्राहक हवेच्या झोतास नाजूक असतो. धारित्र-ग्राहक सूक्ष्म तपशील टिपतो. त्यास साधारणतः ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. पुष्कळदा मात्र फाटका आवाज ग्राहकातून उत्पन्न होत नाही, तर वर्धकाच्या पहिल्या टप्प्यात होतो. दर पास्कल दाबास २ मिलिव्होल्ट देणारा ग्राहक १३० डेसिबेल पातळीवर, म्हणजे सुमारे ६३ पास्कल दाबास, १२५ मिलिव्होल्टच्या वर संकेत देतो. बोलण्यासाठी जुळविलेल्या वर्धकास एवढा संकेत झेपत नाही. अशा वेळी ग्राहक न बदलता वर्धकाची आवक कमी करणे हाच उपाय होय.

शेवटी साखळीचे दुसरे टोक पाहिले पाहिजे. गावच्या मंडपात अजूनही आढळणारा पत्र्याचा भोंगा साधारणतः ३०० हर्ट्झखालील ध्वनी फारसा देऊच शकत नाही. तरीही श्रोत्यास खर्जाची जाणीव होते, कारण मूळ स्वर लुप्त झाला तरी त्याच्या अधिस्वरांवरून कान तो स्वर सिद्ध करतो. डच शास्त्रज्ञ स्काउटेन यांनी १९४० च्या सुमारास या घटनेचे पद्धतशीर विवरण केले. म्हणजे भोंग्यापुढे पखवाजाचा स्वर तगतो तो सर्वस्वी अधिस्वरांच्या बळावर. आणि किक ड्रमचा ग्राहक नेमके तेच अधिस्वर दाबून, भोंग्यास न पेलणारा खर्ज मात्र वाढवून देतो. अशा मंडपात त्याची निवड दुहेरी चुकीची ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनाचा अर्थ असा नव्हे की, किक ड्रमचा ग्राहक त्याज्य आहे. मिरवणुकीतील ढोल उघड्यावर वाजतो, त्यात आघाताचे प्राधान्य असते व स्वर मिळविण्याचा प्रश्न नसतो. तेथे तो ग्राहक शोभतो. पखवाजासाठी मात्र मध्यपट्टा न दाबणारा, शक्य तितक्या सपाट प्रतिसादाचा चल-वेटोळ्याचा हृदयाकृती ग्राहक, योग्य अंतर आणि गरजेनुसार खर्ज उतरविण्याची सोय, ही त्रयी अधिक इष्ट होय. ध्वनिवर्धनाशिवाय, शांत खोलीत केवळ मुद्रण करावयाचे असेल तर सर्वदिश धारित्र-ग्राहक ६० से.मी. ते १ मीटर अंतरावर ठेवावा. त्यास सान्निध्य-परिणाम नसतो, आणि दोन्ही पुड्यांचा तोल वादकाने राखला असेल तसाच उमटतो.

संशोधकाच्या दृष्टीने या अखेरच्या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. वयोवृद्ध मृदंगवादकांच्या वादनाचे मुद्रण हे उद्याच्या अभ्यासाचे साधन आहे. मंडपातील चुकीची निवड एका रात्रीपुरती बाधते; मुद्रणातील चूक कायमची राहते. जो अधिस्वर ग्राहकाने टिपलाच नाही तो पुढे कोणत्याही यंत्राने यथातथ्य परत आणता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक मुद्रणासोबत ग्राहकाचा प्रकार, पुडीपासूनचे अंतर, त्याचा रोख आणि पुडी कोणत्या स्वरास मिळविली होती, या चार गोष्टींची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. ती असेल तर पुढील अभ्यासकास वाद्याचा गुण कोणता व यंत्राचा परिणाम कोणता, हे निवडून पाहता येईल.